काटा बघूनही इंधन कमी कसं पडतं?

"इंधन भरताना चूक झाली तरी पायलट काटा बघतोच ना, मग विमान पडतं कसं?" प्रश्न रास्त आहे. पण गाजलेल्या घटनांमध्ये तपासणी झालेलीच होती. फक्त ज्याच्याशी ताडून बघितलं तेच चुकीचं होतं.

एअर कॅनडा 143, जुलै 1983, बोइंग 767. इंधनाचे काटे बंद, म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजलं: 7,682 लिटर. हवं होतं 22,300 किलो. लिटरचे किलो करायला 0.8च्या आसपासच्या आकड्याने गुणायचं, यांनी गुणलं 1.77 ने. तो लिटरचे पौंड करायचा आकडा. जिथे सुमारे 20,000 लिटर भरायचं तिथे 4,900च्या आसपास भरलं. वाटेतल्या थांब्यावर, ओटावाला, पुन्हा मोजलं, पण पुन्हा 1.77 नेच! हिशेब जुळणारच. 41,000 फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. कॅप्टन पिअर्सन ग्लायडर उडवणारे, म्हणून गिमलीच्या जुन्या हवाईतळावर सगळे वाचले.

शेवट गोड असल्याने हीच गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते ट्युनिशियाच्या ट्युनइंटर कंपनीचं उड्डाण 1153 जास्त अभ्यासण्यासारखं आहे. ऑगस्ट 2005, एटीआर 72. आदल्या दिवशी त्यात एटीआर 42 या लहान विमानाचा इंधनमापक बसवला गेला. दिसायला सारखाच, पण टाकीचा हिशेब वेगळा, त्यामुळे नसलेलं इंधन दिसू लागलं. काल होतं त्यापेक्षा आज जास्त कसं, हे कॅप्टनच्या लक्षात आलं होतं. त्याने इंधन भरल्याची पावती मागितली. ती सापडली नाही (भरलंच नव्हतं, तर सापडणार कुठून?), आणि तरीही विमान निघालं. वाटेत इंधन संपलं, आणि इटलीतल्या पालेर्मोजवळ समुद्रात उतरताना 39 पैकी 16 जण गेले. काटा तेव्हाही सुमारे 1,800 किलो दाखवत होता.

छोट्या पिस्टन विमानांची गत वेगळी. तिथे इंधन पुरेसं असतं, पण एव्हगॅसऐवजी (पिस्टन इंजिनांचं निळसर रंगाचं पेट्रोल) रॉकेलसारखं जेट इंधन पडतं. नळीत उरलेल्या चांगल्या इंधनावर इंजिन सुरू होतं, धावपट्टीपर्यंत नीट चालतं आणि उड्डाणानंतर ठोके देऊन बंद पडतं. जेट इंधनाचं नोझल मुद्दाम रुंद ठेवतात, एव्हगॅसच्या टाकीच्या तोंडात शिरू नये म्हणून. पण काही हेलिकॉप्टरांचं तोंडही अरुंद असतं, मग त्यांच्यासाठी इंधनाच्या गाडीवर अरुंद गोल नोझलही ठेवावं लागतं, आणि अडसर तिथेच संपतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. मिश्रणातही निळसर छटा उरते. थेंब कागदावर टाका: एव्हगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो.