पुस्तकाचे कोपरे का चेपतात?

प्रश्न : मी जुनी पुस्तकं ऑनलाइन विकते. बबल रॅप गुंडाळूनही कोपरे दबल्याच्या तक्रारी येतात, पावसाळ्यात पानं ओलसर होतात. काय चुकतंय?

उत्तर : बबल रॅप कमी पडत नाही, पुस्तक आत सरकतं. पार्सल आपटलं की सगळं वजन एका कोपऱ्यावर येतं. आधी पुस्तक कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड दुमडून बंद करा. चिकटपट्टी पिशवीला लावा, मुखपृष्ठाला कधीच नाही. मग खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, चारही बाजूंनी पुस्तकापेक्षा साधारण 1 सेंमी मोठे. पुस्तक मधोमध ठेवून पुठ्ठे घट्ट बांधा. बाहेर आलेली ती कड मार खाते, कोपरा वाचतो. बबल रॅपचे दोन वेढे यानंतर.

वर्तमानपत्र थेट मुखपृष्ठावर नको, शाई उतरते. ते चुरगाळून खोक्यातल्या फटी भरायला मात्र उत्तम (रद्दीवाल्याला थोडी कमी मिळेल, एवढंच!). खोकं बंद करून कानाजवळ हलवा. आत 'धप्प' वाजलं तर पुन्हा उघडा. तीनपेक्षा जास्त पुस्तकं असतील तर पाच पदरी खोकं घ्या आणि पुस्तकं आडवी रचा. उभी ठेवलीत तर पानांच्या वजनाने बांधणी सैल पडते.

पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका.

शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' विचारा. मे 2025 मध्ये ती सुरू झाली तेव्हा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये होता, कर वेगळा. प्रवास जमिनीवरून, म्हणून ग्राहकाला उशिराची कल्पना आधीच द्या.