‘मॅडम, ट्यूब बंद करू का?’

“क्लबात काही बोललो तर सर सिलेक्शनला बाहेर बसवतील.” मी समुपदेशक. पालकांच्या तोंडून हे वाक्य मी दर सीझनला ऐकते. गेल्या हिवाळ्यात ज्या आईने ते म्हटलं, ती खरं तर क्रिकेटसाठी माझ्याकडे आलीच नव्हती. (दोघांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.) मुलगा आठवीतला. दहा-बारा दिवस नुसती चिडचिड, पुस्तक उघडलं की डोकं धरून बसायचं, धाकट्या बहिणीवर हातही उगारलेला. वडिलांचं निदान तयार होतं: मोबाइल.

मीही त्याच वाटेने गेले. पहिली दोन सत्रं मोबाइल, सहामाहीचे मार्क आणि वडिलांच्या अपेक्षा यांतच गेली. दोन्ही वेळा मुलाने खुर्चीत बसता बसता विचारलं, “मॅडम, ट्यूब बंद करू का?” मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून विचारत असेल. तिसऱ्या वेळी मात्र मी विचारलं, का रे?

“टोचते.”

“कधीपासून?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “हेल्मेटला बॉल लागला तेव्हापासून.”

संध्याकाळी नेट्स चालू असताना सर पलीकडच्या टोकाला गेले, की मोठी मुलं ज्युनियरना ‘तयार’ करायची. क्रीजच्या, म्हणजे बॉल टाकायच्या रेघेच्या, चार-पाच पावलं पुढे येऊन कडक सीझन बॉल आखूड आपटायचा, म्हणजे तो डोक्याकडे उसळतो, आणि पोरगं वाकलं की हसायचं. शिव्या असायच्याच, त्यांचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी बॉल कानाच्या वर बसला. हा खाली बसला, तर मागून कुणीतरी म्हणालं, “आत काही असेल तर लागेल ना!” मग उठला आणि आणखी दहा बॉल खेळला. घरी बोलला नाही, कारण सिलेक्शन मॅच महिन्यावर आली होती.

हे ऐकल्यावर समुपदेशन मी तिथेच थांबवलं. आईला आत बोलावलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. कन्कशनच निघालं, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतल्या मेंदूला बसलेला हिसका त्याने पूर्ण थांबत नाही. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, झोप बिघडणं, लक्ष न लागणं, चिडचिड, हे सगळं त्यातून होऊ शकतं. आम्ही सगळे मिळून त्याला स्वभाव समजत बसलो होतो. (मार लागल्यावर उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट किंवा हातापायात कमजोरी दिसली, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.) डॉक्टरांनी आधी शाळा नीट सुरू करायला सांगितली. खेळ त्यानंतर, पायरीपायरीने. म्हणजे सिलेक्शन गेलं. मुलगा ढसाढसा रडला.

त्याला मी ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची आठवण करून दिली. २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर, म्हणजे असाच उसळता बॉल, मानेला लागल्यावरही तो परत येऊन खेळला, पण दुसऱ्या दिवशी त्रास व्हायला लागला. त्याच्या जागी लाबुशेन आला. कसोटीत कन्कशनमुळे बदली आलेला तो पहिलाच खेळाडू. पुढची हेडिंग्लीची कसोटीही स्मिथला सोडावी लागली. “आणि परत आल्यावर मँचेस्टरला दोनशे अकरा रन,” डोळे पुसत मुलानेच वाक्य पूर्ण केलं.

आईची मात्र दोन मनं होती. एकदा म्हणे, “सगळ्यांची नावं देऊन अद्दल घडवू,” आणि लगेच, “नको, याचंच नुकसान होईल.” मी तिला अर्धं पान लिहायला लावलं. तारीख, वेळ, बॉल किती पुढून टाकला, तेव्हा लक्ष ठेवायला मोठं माणूस कोण होतं. त्याखाली मागणी: नेट्समध्ये क्रीजच्या पुढून कुणी बॉल टाकायचा नाही, ज्युनियरना बाउन्सर सर असतानाच, आणि डोक्याला बॉल लागला की त्या दिवशी पॅड उतरवायचे. ‘मुलं त्रास देतात’ म्हटलं की ‘पोरं आहेत, चालायचंच’ एवढंच हाती येतं. चार पावलं म्हटलं की चार पावलांबद्दल बोलावं लागतं. (प्रकरण नको त्या स्पर्शाचं किंवा कपडे उतरवायला लावण्याचं असेल, तर क्लबशी चर्चा करत बसायचं नाही. तिथे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ वरही मदत मिळते.)

सरांना भेटायला मीही गेले. मैदानात केस पांढरे झालेला माणूस. “मुंबईचं क्रिकेट खडूस आहे मॅडम, पोरगं कणखर व्हायला हवं. आणि तो स्वतःच्या पायांनी चालत गेला की घरी.” मी म्हटलं, आपला भारताचा बॅट्समन रमण लांबाही चालतच गेला होता. १९९८, ढाका. ओव्हरचे तीनच बॉल राहिलेत म्हणून हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी जवळ, फिल्डिंगला उभा राहिला. डोक्याला बॉल लागल्यावर स्वतः चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तीन दिवसांनी वारला. सर म्हणाले, “माहीत आहे मला.” बराच वेळ ते स्टंप्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ज्याने तो बॉल टाकला ना, त्यालाही याच नेटमध्ये असाच मार बसलाय. तेव्हाही मीच होतो.”

त्या बोलरला मी भेटायला हवं होतं. राहून गेलं.

दीडेक महिन्याने मुलगा पुन्हा नेट्समध्ये गेला. संघात या वर्षी नाही. सरांनी नेट्समध्ये क्रीजवर चुन्याची जाड रेघ मारून घेतली आहे आणि मोठी मुलं आता याला ‘काचेचं भांडं’ म्हणतात.

“वाईट वाटतं?” मी विचारलं.

“वाटतं ना.” मग जरा हसून म्हणाला, “पण रेघेच्या मागूनच म्हणतात.”