बर्फातून पहिल्यांदाच गाडी नेताय?

पुलावर सांभाळा. पुलाला खालूनही गार वारा लागतो, त्यामुळे बाकी रस्ता ठीक असला तरी तिथलं पाणी आधी गोठतं. पातळ बर्फ पारदर्शक असतो, रस्ता नुसता ओला वाटतो. पारा 0 अंशाच्या आसपास असेल आणि पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नसेल, तर समजून जा. गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा. नजर आणि स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडेच. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद. निघताना टपावरचा बर्फही झाडा (कंटाळा येतो, माहितीये), नाहीतर ब्रेक मारताच तो काचेवर येतो.

घरी पोचल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर कळवा, मंडळी खरंच वाट बघत असतात. आणि सकाळी रस्ते साफ होईपर्यंत निघू नका. उशीर झाला म्हणून कोणी बोलणार नाही. घाईत आलात तर मात्र सगळ्यांचा ओरडा खाल.