पकडलेला कार्बन डायऑक्साइड रेल्वेने का नेतात?

सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड, तो हवेत न सोडता जमिनीखाली साठवण्यासाठी, रेल्वेने नेता येतो का, पाइपलाइनपेक्षा ते परवडते का आणि अशी गाडी गावाजवळून जाणे धोक्याचे आहे का, असे आपण विचारले आहे.

मी काही वर्षे औद्योगिक वायूंच्या भरणा केंद्रात काम केले असल्यामुळे टाकीपासूनच सुरुवात करतो. हा वायू रेल्वेने नेण्याआधी कोरडा करून, उणे 20 ते 30 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, 15 ते 20 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) दाबाखाली त्याचा द्रव करतात. हा द्रव पाण्याहून किंचित जड असतो आणि मूळ वायूच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी जागेत मावतो. दाब मात्र जिवापाड जपावा लागतो, कारण तो सुमारे 5.2 बारच्या खाली उतरला की द्रव टिकतच नाही, काहीची वाफ होते आणि उरलेल्याचा बर्फ. भरणा संपल्यावर नळी सोडताना तिच्या तोंडाशी पांढरा भुसभुशीत चुरा जमलेला मी रोज पाहत असे. तोच चुरा नळीच्या आत जमला तर बूच बसते आणि मागचा दाब ते बूच कधी बाहेर भिरकावेल याचा नेम नसतो.

वाघिणीवर सहसा शीतयंत्र नसते, फक्त उष्णतारोधक आवरण असते. त्यामुळे गाडी यार्डात फार दिवस ताटकळली की द्रव हळूहळू तापतो, दाब चढतो आणि अखेर सुरक्षा झडप उघडून वायू हवेत जातो. म्हणजे सगळा खटाटोप पाण्यात.

परवडण्याचे गणित मालाच्या प्रमाणावर ठरते. नॉर्वेतील ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यातील यंत्रणा वर्षाला सुमारे 4 लाख टन वायू पकडण्यासाठी उभारलेली आहे. तो समुद्रकाठी असल्यामुळे तिथे जहाज वापरतात, पण असाच कारखाना देशाच्या आत असता तर रोजचे 1,100 टन, वाघिणीमागे 60 टन धरल्यास, 18-19 वाघिणींच्या एका गाडीत गेले असते. एवढ्यासाठी शेकडो किलोमीटर पाइपलाइन टाकणे मला तरी पटत नाही. चार-पाच कारखान्यांचा माल एकत्र येणार असेल तर मात्र पाइपलाइनच बरी. खर्च मोजताना नुसते रेल्वेभाडे पाहू नये, कारण द्रवीकरण आणि दोन्ही टोकांच्या साठवण टाक्या यांचाही मोठा बोजा पडतो.

स्वित्झर्लंडने 2022 मध्ये हा मार्ग प्रत्यक्ष चालवून पाहिला. बर्नच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील बायोगॅसमधून वेगळा केलेला वायू टँक-कंटेनरमध्ये भरून आधी ट्रकने, मग रेल्वेने रॉटरडॅमला आणि तिथून जहाजाने आइसलँडला नेला गेला, जिथे बेसॉल्ट खडकात त्याचे खनिज बनते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच आहे.

आता धोक्याविषयी. हा वायू पेटत नाही, परंतु हवेच्या दीडपट जड असल्यामुळे फुटलेल्या टाकीतून निघून सखल भागात साचतो. जर्मनीत हाल्टर्न येथे 1976 साली असा रेल्वे टँकर फुटला होता. मात्र वाघिणीत माल मोजकाच असतो, पाइपलाइन फुटली तर पुष्कळच बाहेर पडतो: अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सटार्शियाजवळ 22 फेब्रुवारी 2020 रोजी तसे घडले, 45 जणांना रुग्णालयात जावे लागले आणि प्राणवायूअभावी मोटारींची इंजिनेही रस्त्यातच बंद पडली.