कॉलेजचा टेनिस चॅम्पियन आणि कोचिंग

ताई, तुमचा मुलगा आंतरमहाविद्यालयीन एकेरीचा विजेता आहे, पदवीचं शेवटचं वर्ष आहे. त्याने पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंगचा कोर्स आधी करावा की नाशिकमध्येच कोर्ट भाड्याने घेऊन थेट कोचिंगला सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते या दोन्हींच्या आधी त्याने वर्षभर एखाद्या जाणत्या कोचच्या हाताखाली नुसते बॉल फीड करावेत, म्हणजे शिकणाऱ्या मुलांना मारायला बॉल टाकून द्यावेत.

चांगले खेळाडू शिकवायला लागले की अडखळतात ते इथेच. सात वर्षांच्या मुलालाही ते डब्यातला नवा पिवळा बॉल देतात. नियमानुसार हा बॉल २५४ सेंमीवरून सोडला की १३५ ते १४७ सेंमी उसळतो. मुलाच्या तो खांद्यावर येतो, मग तिथे मारता यावं म्हणून ग्रिप, म्हणजे हाताची पकड, हळूहळू रॅकेटच्या दांड्याखाली सरकते. पुढे व्हॉली आणि सर्व्हिस शिकवताना ही सवय मोडणं फार जड जातं. म्हणून आधी लाल बॉल (पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ), मग नारिंगी (५०), मग हिरवा (२५).

लाल बॉलचं कोर्ट ११ मीटर लांब, नेट ८० सेंमी. मोठ्या कोर्टाची डबल्सची रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे नेटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन छोटी कोर्टं आडवी बसतात. मोठ्या नेटपासून मागच्या जाळीपर्यंत पट्टी ताणून बांधली की छोट्या कोर्टांचं नेट झालं. आठ मुलं रांगेत उभी करून दर पाच सेकंदांनी एक फीड दिला, तर प्रत्येकाची पाळी ४० सेकंदांनी येते. चार कोर्टांवर आठही जण एकाच वेळी खेळतात.

फीड आधी हाताने, मग छोट्या स्विंगने रॅकेटवरून, मुलाच्या कमरेला येईल असा. फीड दिला की नजर बॉलमागे जाऊ द्यायची नाही. मुलाचे पाय आणि बॉल रॅकेटला शरीराच्या किती पुढे लागला, ते बघायचं. वर्षानुवर्षं बॉलवर नजर ठेवून जिंकलेल्याला हे सगळ्यात अवघड जातं.

कोर्सचं म्हणाल तर एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स सुरुवातीला पुरतो. सरकारी प्रशिक्षकपदाचा विचार असेल तर डिप्लोमाच करावा. खासगी अकादमीत आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) लेव्हल वन कोचिंग कोर्सलाही मान आहे.

कोर्टाचा करार करताना पावसाळ्याचं भाडं आधीच ठरवून घ्या. उघड्या कोर्टावर जून ते सप्टेंबर बरेच दिवस बुडतात. तेवढ्यासाठी शाळेचा हॉल आणि फोमचे बॉल मे महिन्यातच बघून ठेवा, आणि बुडालेल्या दिवसांचं काय करणार ते पालकांना फी घेतानाच लिहून द्या.