मामाच्या माळ्यावर सापडलेला लाकडी कॅमेरा पुन्हा चालू होईल का?

होईल की. हाफ प्लेट आहे (म्हणजे साधारण पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा), भाता म्हणजे लेन्स आणि मागच्या भागामधली घड्यांची पिशवी विरलीय, चित्र बघून फोकस करायची मागची काच फुटलीय, शटर नाही आणि ओळखीचा सुतार पॉलिश करून द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. सुताराला तूर्त चहा पाजून परत पाठवा. शटर नसणं ही तर अडचणच नाही, ते पुढे सांगतो.

माझ्याकडे केरळातल्या अलेप्पीत बनलेला वागीश्वरी कॅमेरा आहे, सागवान आणि पितळेचा. अशा कॅमेऱ्याचं लाकूड शक्यतो छेडू नये. पॉलिशपेपर फिरला की मूळ फिनिश गेलंच. पितळेवर बऱ्याचदा लाखेचा पातळ थर असतो, चिंच-लिंबू लावलं की तोही निघतो. मऊ फडक्याने पुसा, बास. सांधा खिळखिळा असेल तर सरस लावा, फेविकॉल नको. सरस पुढे कधी गरम पाण्याने सोडवता येतो.

खरं काम भात्याचं. रात्री दिवे घालवा, भाता पूर्ण ताणा आणि आत मोबाईलचा टॉर्च लावून बाहेरून बघा. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकतील, तेवढ्यांवर खडूने खूण करा. बारीक भोकांना काळा फॅब्रिक कलर दोन हात पुरतो. फाटलं असेल तिथे पातळ काळं सुती कापड सायकलच्या पंक्चर सोल्युशनने चिकटवा. ठिगळ जाड झालं तर भाता मिटणार नाही. वाळेपर्यंत तो ताणलेलाच ठेवा. काळी चिकटपट्टी मात्र आपल्या उन्हाळ्यात हमखास सुटते.

मागची काच घरी होते. साधी काच मापात कापून आणा, वर 400 ते 600 नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि पाणी टाका, नि दुसऱ्या छोट्या काचेने गोल गोल घासत राहा. सारखी दुधी झाली की धुवा. बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे हवी. तो पृष्ठभाग आणि होल्डरमधल्या (प्लेट अंधारात ठेवून कॅमेऱ्याला लावायच्या चपट्या पेटीतल्या) प्लेटचा पृष्ठभाग एकाच अंतरावर यायला हवेत, नाहीतर काचेवर स्पष्ट दिसलेलं चित्र प्लेटवर धूसर येतं. दोन्हींची खोली व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) मोजा.

सुरुवातीलाच महागडी फिल्म घालू नका. कृष्णधवल फोटो पेपर लाल दिव्यात कापा आणि मूळ प्लेटच्या जाडीच्या काचेवर चिकटवून होल्डरमध्ये सरकवा. त्याचा वेग, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, आयएसओ 3 ते 6 धरा. भर उन्हात एफ/32 वर (लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवून) साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे लेन्सचं टोपण काढायचं, ‘एक हजार एक’ म्हणायचं आणि परत लावायचं. झालं शटर! निघालेली निगेटिव्ह मोबाईलने टिपून तिचं काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करता येतं. हात बसला की एक्स-रे फिल्मकडे वळा. नेहमीची हिरव्या प्रकाशाला संवेदनशील फिल्म लाल दिव्यात हाताळता येते, फक्त दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असल्याने ओरखडे पटकन पडतात.

होल्डरही तपासा. जुन्या पुस्तकी (पुस्तकासारख्या उघडणाऱ्या) होल्डरच्या सरकत्या झाकणाला कापडी बिजागरी असते आणि तीच आधी फाटते. पेपर भरून झाकण बंद ठेवा, होल्डर पाच मिनिटं उन्हात धरा आणि पेपर डेव्हलप करा. काळा पट्टा जिथे उमटेल, तिथे नवं कापड लावा.