वादकाचं नाव आधी लिही

प्रिय मित्रा,

तुझ्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याला काढून दुसरा आणावा का, असं तू विचारलंस. त्याआधी अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने स्वतःचा बँड कसा चालवला ते बघ.

जन्म १८९९ चा, वॉशिंग्टनचा. १९२७ च्या डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइट क्लबमध्ये काम मिळालं. वादक काळे, श्रोते फक्त गोरे. तिथून रेडिओने त्याला देशभर पोचवलं. तुझ्या उपयोगाचं आहे ते त्याचं संगीत लिहिणं. पार्टवर, म्हणजे प्रत्येक वादकाच्या स्वरलिपीच्या कागदावर, तो बरेचदा वाद्याऐवजी वादकाचंच नाव टाकायचा. कूटी विल्यम्सचं गुरगुरणारं ट्रम्पेट, जॉनी हॉजेसची आल्टो सॅक्सवरची मींड, हे डोक्यात ठेवूनच तो लिहायला बसे.

त्याच्या 'मूड इंडिगो' या रचनेची (१९३०) सुरुवात ऐक. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, तीनच वाद्यं. चारचौघांसारखा अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारा) क्लॅरिनेट वर ठेवील आणि ट्रॉम्बोन तळाला. यानं म्यूट (आवाज दबका करणारं बूच) लावलेलं ट्रम्पेट वर ठेवलं, त्याला लागूनच उंच सुरात ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट पार खाली, खर्जात. आपला माणूस कुठल्या पट्टीत खुलतो हे माहीत असल्याशिवाय असं सुचत नाही रे.

माणसं टिकवणं त्यालाही जड गेलं. १९५१ मध्ये हॉजेस बँड सोडून गेला, जाताना आणखी दोन जुने वादक घेऊन गेला. एलिंग्टनने दार लावून घेतलं नाही. १९५५ मध्ये हॉजेस परतला. पुढच्याच वर्षी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्याच्या बँडमधल्या सॅक्सवाल्या पॉल गोन्साल्विसने सलग २७ आवर्तनं सोलो वाजवला, लोक खुर्च्या सोडून नाचले, आणि मागे पडलेला बँड पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठमोठे बँड मोडत होते, तेव्हा हा स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून वादकांचे पगार भागवत होता. हे मला त्याच्या कुठल्याही रचनेइतकंच मोठं वाटतं. बॅरिटोन सॅक्सवाला हॅरी कार्नी १९२७ पासून १९७४ मध्ये एलिंग्टन वारेपर्यंत सोबत राहिला, तो काय उगाच?

तुझा ट्रम्पेटवाला तार सप्तकात फाटतो, ते मीही ऐकलंय. पण म्यूट लावून मधल्या सुरांत तो जे वाजवतो, ते तू एकदाही वापरलेलं नाहीस. पुढच्या रिहर्सलला त्याच्यासाठी आठ बारचा (तालाच्या आठ खंडांचा) तुकडा लिहून ने, वर त्याचं नाव घाल. आणि त्याचे राहिलेले पैसे त्याच दिवशी दे.